मुकादमाची वही आणि परदेशातील शाळा

बारडोलीहून एका वाचकांचे पत्र आले आहे. पत्र आठ पानांचे असून त्यात सतरा प्रश्न आहेत, आम्ही मोजले. त्यांची कन्या इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झाली, पुढे बी. एड. झाली, आणि गेली चार वर्षे तेथल्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवीत आहे. आता परदेशी जाऊन इंग्रजी शिकवावे असे तिच्या मनाने घेतले आहे. सुरतेच्या एका एजंटाने थायलंडमधील नोकरी पुढे केली आहे. दुसरीकडे तिने स्वतः अर्ज केलेल्या मस्कतच्या एका भारतीय शाळेने मुलाखत घेऊन नेमणुकीचे कच्चे पत्र धाडले आहे. एजंट महिना तीस हजार बाथ म्हणतो, शाळा तीनशे रियाल म्हणते. तीस हजार कोठे आणि तीनशे कोठे, असे पाहून घरचे एजंटाकडे झुकले आहेत. मात्र त्याला आधी तीन लाख रुपये मोजावे लागणार. "पाठवावे कोठे, आणि मुळात पाठवावे की नाही?" असे वडील पुसतात. अशी पत्रे अलीकडे इतर गावांहूनही येऊ लागली आहेत, म्हणून उत्तर खाजगी न धाडता येथे देत आहोत. पत्रलेखकांचे नाव अर्थातच गाळले आहे.

पत्राच्या तिसऱ्या पानावर त्यांनी ओघात एक गोष्ट लिहिली आहे. त्यांचे वडील नंदुरबारकडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर ताप्तीकाठच्या रेल्वेने बारडोलीस उतरले आणि पुढे तेथेच राहिले. ज्या वाचकांना त्या बाजूची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. बारडोलीचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला, आणि तेव्हापासून खानदेशातून व डांगातून ऊसतोडीची माणसे हंगामास तेथे जातात. तेथे माणसे मोजीत नाहीत, 'कोयते' मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा, बायको आणि हाताशी एखादे पोर. मुकादम पावसाळ्यात, घरातले दाणे संपलेले असताना, उचल देतो. त्या उचलीच्या भाराने कोयता गाव सोडतो. हंगामभर पोटापुरते मिळते आणि खरा हिशेब होतो तो हंगाम सरल्यावर, मुकादमाच्या वहीतून. मजुरी किती ठरली होती, किती टन तोडले, उचलीतले किती फिटले, हे सारे त्या वहीत. आणि वही मुकादमाच्या काखेत.

या घराण्यात परमुलखी जाणे नवे नाही. आजोबा भाषा बदलणाऱ्या मुलखात गेले, नात समुद्रापार जाईल. आजोबांनी निघण्यापूर्वी मुकादमाला जे विचारावयास हवे होते, परंतु उपाशी माणसाला विचारता येत नाही, तेच नातीने आता विचारावयाचे आहे: काम नेमके कोणाचे? मजुरी कोण देणार आणि केव्हा? राहावयाचे कोठे? सोडून यावेसे वाटले तर वाट मोकळी आहे काय? आणि वही कोणाच्या हातात? आजोबांच्या पाठीशी भूक होती. नातीच्या हाती पदवी आहे आणि चालू नोकरी आहे. तिला घाई नाही, हीच तिची मोठी पुंजी आहे. ती कोणा एजंटाच्या सांगण्यावरून उधळू नये.

बारडोलीच्या माणसाला हे शिकविण्याची गरज नसावी. १९२८ साली त्या तालुक्यावर शेतसारा २२ टक्क्यांनी वाढविला गेला, तेव्हा वल्लभभाई पटेलांच्या पाठीशी उभे राहून तेथल्या शेतकऱ्यांनी एवढेच म्हटले होते की निष्पक्ष चौकशी करा, मग पाहू. चौकशी झाली, आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या सरकारच्याच दोन अधिकाऱ्यांनी वाढ सुमारे ६ टक्के असावी असा निर्वाळा दिला. ज्या गावाने सरकारला हिशेब दाखवावयास लावला, त्या गावच्या माणसाने एजंटाला तीन लाख मोजण्यापूर्वी पावती मागू नये काय?

आता एजंटाचे म्हणणे पाहू. तो म्हणतो, सध्या पर्यटक म्हणून जा, कामाचे कागद तेथे गेल्यावर बदलून घेऊ. थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरात भारतीय पर्यटकांना व्हिसावाचून प्रवेश देण्यास आरंभ केला, तेव्हापासून हे वाक्य फार स्वस्त झाले आहे. परंतु पर्यटकास तेथे शिकविण्याची परवानगी नाही. शिक्षकास नोकरीचा निराळा व्हिसा लागतो आणि त्यावर कामाचा परवाना लागतो. प्रामाणिक शाळा त्या व्हिसासाठीची पत्रे उमेदवार भारतात असतानाच धाडते; तशा शाळा त्या देशात आहेत आणि तेथे परदेशी शिक्षक मानाने शिकवीतही आहेत. जो एजंट अशी पत्रे दाखवीत नाही, त्याच्यापाशी शाळाच नसण्याचा संभव अधिक.

आणि शाळा नसली तर काय असते? भारत सरकारने २०२२ च्या सप्टेंबरात इशारा दिला होता की थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली सुशिक्षित तरुणांना नेऊन सीमेपलीकडे म्यानमारात पोहोचविले जाते. तेथे कुंपणाआड त्यांना संगणकावर बसवून जगभरच्या लोकांना फसविण्याचे काम करावयास लावतात. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या दोन विमानांनी अशा ५४९ भारतीयांना थायलंडमधील माए सोट येथून परत आणावे लागले. त्यांतील बहुतेकांना शिक्षकाची नव्हे, संगणकावरच्या कामाची आमिषे दाखविली होती, हे खरे. पण वाट तीच होती: पर्यटक म्हणून प्रवेश, आणि कागद 'तेथे गेल्यावर'. कन्येला भिववावे म्हणून हे लिहीत नाही. ज्या वाटेने गेले असता माणूस त्या देशाच्या कायद्याला दिसतच नाही, त्या वाटेने जाऊ नये एवढेच म्हणणे आहे.

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. तो क्रमांक खरा की खोटा हे मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. अशा एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. म्हणजे तीन लाखांची मागणीच त्याची ओळख सांगते. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. दहावीच्या पुढे शिकलेल्यांना परदेशी जाताना सरकारची निराळी मंजुरी घ्यावी लागत नाही. याचा अर्थ असा, की पदवीधर मुलीचा करार सरकारी कचेरीत कोणी वाचून पाहत नाही. तो तिनेच वाचावयाचा आहे.

पगाराचा घोळही येथेच मिटवू. बाथ म्हणजे अडीच-पावणेतीन रुपये. ओमानचा रियाल म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. तेव्हा एजंटाचे तीस हजार म्हणजे पंचाहत्तर ते ऐंशी हजार रुपये, आणि शाळेचे तीनशे म्हणजे सदुसष्ट ते सत्तर हजार. अंतर महिन्याला दहा हजारांचे. एजंटाला दिलेले तीन लाख या अंतरातून भरून काढावयाचे तर तीस महिने लागतील, तेही नोकरी खरी निघाली तर. शिवाय दागिने गहाण ठेवून ते तीन लाख उभे करण्याचा विचार आहे, असे पत्रातच लिहिले आहे. त्याचे व्याज आम्ही धरलेले नाही. पुन्हा पाहता, ही उचलच झाली, फक्त उलट्या दिशेने वाहणारी. मुकादम निदान पैसे देऊन बांधीत असे. हा घेऊन बांधतो.

आता ज्या प्रश्नावर कन्येने स्वतः वडिलांच्या पत्राखाली दोन ओळी लिहिल्या आहेत, त्याकडे वळतो. ती विचारते, "माझी मातृभाषा इंग्रजी नाही. मला कोणी इंग्रजी शिकवू देईल काय?"

याचे खरे उत्तर थोडे कडू आहे. पुष्कळ देश शिक्षकाची भाषा पाहण्याआधी त्याचा पासपोर्ट पाहतात. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेला व्यापारी करार १ जानेवारी २०१० रोजी अमलात आला, तेव्हा प्रशिक्षित भारतीय शिक्षकांना साहाय्यक म्हणून येण्याची एक फट त्यात ठेवली गेली. पण ती फटच आहे. चीनही इंग्रजीच्या शिक्षकांबाबत असाच पासपोर्टाचा भेद करतो. तेथे २०२१ च्या जुलैत सरकारने खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि परदेशी शिक्षकांच्या पुष्कळ जागा एका फटक्यात नाहीशा झाल्या. इंग्लंडची तऱ्हा तर गमतीची आहे. २०२३ पासून इंग्लंडने भारतासह आणखी काही देशांच्या शिक्षकांना तेथील पात्रतेसाठी अर्ज करण्याची मुभा दिली, परंतु ती गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकविणाऱ्यांना. गणिताच्या मास्तरास दार उघडे; इंग्रजीच्या बाईंना नाही!

तेव्हा काही दारे बंद आहेत हे जाणून घ्यावे आणि त्यांवर डोके आपटीत बसू नये. परंतु दार बंद असणे निराळे आणि आपण अपात्र असणे निराळे. या दोहोंची गल्लत करून कित्येक हुशार मुली मनातून खचतात, आणि मग खोट्या कागदांच्या वाटेला लागतात.

ज्या पुस्तकाने आपल्या वाडवडिलांची मराठी घडविली, त्याचा कर्ता कोण होता? फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ च्या ऑक्टोबरात ते जहाजाने गोव्यास उतरले. त्या वेळी त्यांना आपल्या भाषेचा एक शब्दही येत नव्हता. पुढली सुमारे चाळीस वर्षे त्यांनी बहुतांशी गोव्याच्या साष्टी भागात काढली, कोंकणीचे व्याकरण लिहिले, आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून आणले. त्यांच्या मातोश्री मराठी बोलत होत्या काय, असे कोणी पुसले नाही. भाषा आईकडून आयती मिळते त्याला तिच्यातली वळणे दिसत नाहीत. ज्याने ती पाऊलपाऊल चालून मिळविली, त्याला कोठे ठेच लागते हे ठाऊक असते. आपली कन्या घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि बाजारात हिंदी बोलत मोठी झाली, आणि आज गुजराती, मराठी, चौधरी, गामित अशा घरांतून येणाऱ्या मुलांना एकाच वर्गात इंग्रजी शिकवते. मस्कतच्या भारतीय शाळेत तिच्यासमोर अरब मुले नसतील; मल्याळी, तमिळ, तेलुगू, उर्दू अशा घरांतली भारतीय मुले असतील. हे काम तिने चार वर्षे केलेलेच आहे.

मात्र उच्चारांकडे लक्ष द्यावे. आम्ही मराठी माणसे इंग्रजीतले दोन 'व' एकसारखे उच्चारतो, त्यामुळे पश्चिम दिशा आणि बनियन यांचा आवाज आमच्या तोंडी एकच होतो. उलट 'जाळे', 'जावई' यांतला दंततालव्य 'ज' आपल्याला लहानपणापासून येतो. इंग्रजी 'झेड' त्याच्या अगदी शेजारचा, त्यामुळे 'झीरो'चा 'जीरो' करणाऱ्या बारडोलीच्या मुलांना तो शिकविणे तिला सोपे जात असेल. रोज अर्धा तास मोठ्याने वाचून ते स्वतःच ऐकावे. दूरदेशीच्या बहुतेक शाळा एकशेवीस तासांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागतात. असली प्रमाणपत्रे घरबसल्या दोनचार दिवसांतही विकत मिळतात, पण त्यांना फारशी किंमत नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या 'सेल्टा' प्रमाणपत्रासाठी परीक्षकासमोर सहा तास प्रत्यक्ष वर्ग घ्यावा लागतो, म्हणून त्याला मान आहे. मस्कतच्या नोकरीस त्याची गरज नाही. तेथे बी. एड. हेच चलनी नाणे आहे, कारण केंद्रीय माध्यमिक मंडळाशी जोडलेल्या परदेशांतील शाळा, आणि त्या दोनशेहून अधिक आहेत, भारतातलाच अभ्यासक्रम शिकवतात.

भारतीय शिक्षकांनी परदेशी इंग्रजी शिकविणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. हैले सेलासी या सम्राटाच्या काळी केरळचे शिक्षक, त्यांत ख्रिस्ती पुष्कळ, इथिओपियाच्या दूरदूरच्या गावांत शिकवीत होते. भूतानात १९६३ साली फादर विल्यम मॅकी हे कॅनडाचे येशूसंघी शाळा काढावयास गेले, तेव्हा त्यांच्या जोडीला व त्यांच्या मागोमाग भारतातून शिक्षक गेले, आणि तो देश इंग्रजीत शिकला.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे, पण ते आधी उरकावे. पहिले म्हणजे नाव. आमच्या घराण्यांत एकाच माणसाची तीन नावे असतात: बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. गुजरातेत आडनाव आधी लिहितात, वडिलांचे नाव मागे. पासपोर्टात आडनाव निराळ्या चौकटीत जाते. पदवी, बी. एड.चे प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला आणि पासपोर्ट यांवरील स्पेलिंग एका अक्षरानेही निराळे असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्यावे. मस्कतेत बसून सुरतेच्या विद्यापीठात दुरुस्ती करवून घेणे महाकठीण. धर्मग्रामातून बाप्तिस्म्याचा दाखला नेताना त्यावरचे नावही पासपोर्टशी ताडून पाहावे. तेथे विवाह ठरला तर तो लागेल.

मग पदवीवर शिक्के. आधी राज्य सरकारच्या खात्याचा, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा. ओमान, बहारीन आणि २०२२ पासून सौदी अरबस्तान हे देश 'अपोस्टील' नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, म्हणून तेथे मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार यांच्यासाठी त्या त्या वकिलातीचाही शिक्का घ्यावा लागतो. अपोस्टीलचे सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, वर कागद स्वीकारणाऱ्या संस्थेचे थोडे शुल्क. हजारो रुपये सांगणारा भेटला तर तो स्वतःच्या पायपिटीचे मागतो आहे, सरकारचे नव्हे, हे समजून द्यावे किंवा न द्यावे. मूळ पदवी टपालाने कोणास पाठवू नये. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला सुरतेच्या पासपोर्ट कचेरीतून मिळतो.

करारपत्र आले की ते घरात सर्वांनी मिळून, मोठ्याने वाचावे. त्यात आठवड्याचे तास किती, आणि ते वर्गातले की शाळेत हजर राहण्याचे, हे पाहावे. जून-जुलैच्या सुटीचा पगार मिळतो काय? खोली शाळा देते की भाडे आपले? भाडे आपले असेल तर तीनशे रियालांचे दोनशेच उरतात असे धरून चालावे. विमानाचे भाडे येतानाचेही आहे काय? आजारपणाचा विमा? वर्षाच्या आत सोडल्यास दंड किती? यांपैकी ज्या प्रश्नाचे उत्तर करारात नाही, ते शाळेला पत्राने विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. फोनवरचे गोड बोलणे वहीत उतरत नाही. आणि पासपोर्ट शाळेच्या कपाटात 'सुरक्षित' ठेवावयास देऊ नये. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, असे त्यावर छापलेलेच असते. पहिला पगार हाती येईपर्यंत दीड-दोन महिने जातात, तेवढ्यापुरते पैसे आणि परतीच्या तिकिटाचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात वेगळे असू द्यावेत. मस्कतला पोहोचताच भारतीय वकिलातीत नाव नोंदवावे. काही बिघडलेच तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर तिला किंवा आपल्याला घरून तक्रार करता येते.

आईची चिंता पत्रात शेवटी आली आहे, पण ती सर्वांत जड आहे. मुलगी सत्तावीस वर्षांची; आधी लग्न करून मग पाठवावी, असे नातलग म्हणतात. आमचे मत विचारले आहे म्हणून सांगतो. विमानाची तारीख गाठण्यासाठी नवरा शोधू नये. आणि दोन वर्षांनी परत आलेल्या, स्वतःच्या कमाईच्या मुलीला स्थळे येत नाहीत, हेही आम्हांस खरे वाटत नाही. याउलट ती जाऊ नये म्हणून वडिलांचे दुखणे पुढे करणे, जे पत्रात एका वाक्यात झाले आहे, ते मात्र करू नये. वडिलांच्या औषधपाण्याचे कोण पाहील हा प्रश्न खरा आहे. तो तिच्या धाकट्या भावाबरोबर बसून, महिन्याचा खर्च आणि दवाखान्याच्या फेऱ्या वाटून घेऊन सोडवावा. मुलगी एकटी राहील, या भीतीवर शाळेला विचारून पाहावे: पुष्कळ शाळा नव्या शिक्षिकांची दोघी-तिघींची मिळून राहण्याची सोय लावून देतात. चर्चविषयी म्हणाल तर मस्कतेत रुवी येथे संत पेत्र व पौल यांचे आणि घाला येथे पवित्र आत्म्याचे, अशी दोन कॅथोलिक चर्चे आहेत. ओमानात सुटी शुक्रवारी व शनिवारी असते आणि शाळा रविवारी भरते, म्हणून तेथील मंडळी बहुधा शुक्रवारच्या मिस्सेला जातात.

आजीबाईंनी स्वतःहून एकच गोष्ट विचारली आहे: फोन केव्हा करावा? मस्कतचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असते. रात्री जेवणे आटोपून नवाला करावा. तिकडे साडेसात झालेले असतील आणि नात बहुधा वह्या तपाशीत बसलेली असेल. शनिवारी रात्री मात्र लवकर करावा, दुसऱ्या दिवशी तिची शाळा आहे.